मांजर आपली सोय बघतं म्हणे!

उन्हाळ्यात घरातल्या मांजराकडे जरा लक्ष द्या, असं सास्तूरच्या पारावर कुणाला सांगून बघा. आधी समोरचा हसेल. मग म्हणेल, "मांजराला कुठं ऊन लागतंय व्हय? ते आपली सोय बरोबर बघतं." चार बुकं शिकलेला असेल तर याच म्हणण्याला तो शास्त्राचं अस्तर लावेल: मांजर मुळात वाळवंटातलं, त्याला बेचाळीस अंश म्हणजे काहीच नाही. आणि वयानं, मानानं मोठा असेल तर विषय तिथंच मिटवेल: "इथं माणसाला प्यायला पाणी मिळंना, आन् तुम्ही मांजराचं काय घेऊन बसलाय?"

यातलं पहिलं उत्तर एके काळी खरं होतं. दुसरं अर्धवट माहितीवर उभं आहे. तिसऱ्याबद्दल मला आदर आहे, पण ते हिशेबात बसत नाही. अशी उत्तरं देणारी माणसं दुष्ट नसतात. त्यांच्याच घरी मांजर ताटाशेजारी बसून दूधभाकरी खातं, आणि रात्री पायाशी येऊन झोपलं तर त्याला कुणी हाकलत नाही. म्हणून तर त्यांच्याशी वाद घालावासा वाटतो. ज्याला मांजर मुळातच खपत नाही, त्याच्याशी वाद घालून काही निष्पन्न होत नसतं.

"मांजर आपली सोय बघतं" हे वाक्य कुठल्या घरात तयार झालं, ते आधी पाहू. लोहारा, उमरगा, औसा, निलंगा या पट्ट्यातलं जुनं घर म्हणजे दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा जाड थर. पावसाळ्यात गळू नये म्हणून त्या थरावर वरचेवर आणखी माती पडायची आणि माळवद पिढ्यान् पिढ्या जड होत जायचं. बाहेर मे महिन्याची झळ असली तरी ती माती दिवसभर तापून आत ऊब पोचायला संध्याकाळ व्हायची, आणि पोचायची ती मंद होऊन. आत अंधारी खोली, धान्याचं बळद, भिंतीतल्या देवळ्या, कणग्यांच्या मागची फट, पाण्याच्या रांजणाखालची ओली जमीन. वर उजेडासाठी सवणं, म्हणजे मांजराचा हक्काचा दरवाजा. घराला कुलूप असो वा नसो, मांजर आत यायचं आणि वाटेल तेव्हा बाहेर जायचं. अशा घरात मांजर आपली सोय बघतं असं म्हणणारा माणूस डोळ्यांनी पाहिलेलंच सांगत होता. सोयीच्या दहा जागा होत्या. त्यांतली कुठली कोणत्या घटकेला बरी, ते मांजराला माणसापेक्षा चांगलं कळायचं.

मग ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आली. अनंत चतुर्दशीची रात्र नुकतीच सरली होती, गणपती बोळवून लोक झोपले होते. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली आणि हीच माळवदं, ह्याच भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. सास्तूर हे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सर्वांत जास्त फटका बसलेल्या गावांपैकी एक. पुढं जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसनाचा कार्यक्रम झाला आणि बावन्न गावं नव्या जागी वसली. जमिनीच्या हिशेबानं घरं ठरली: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. माती गेली, काँक्रीट आलं.

इथं एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो, नाहीतर माझ्या बोलण्याचा भलताच अर्थ निघेल. मला माळवद परत नको आहे. ज्याच्या घरातली माणसं त्या मातीखाली गेली, त्याला माळवदाच्या गारव्याचं कौतुक सांगायचं नसतं. वास्तुकलेच्या परिसंवादांत दगडमातीच्या घरांचे गोडवे गायले जातात, तेव्हा मला या भागातलं एकही म्हातारं माणूस तिथं बसलेलं दिसत नाही. नवं घर जीव वाचवणारं आहे, आणि ते तसंच असावं. पण जीव वाचवणारं घर उन्हाळ्यात कसं वागतं, हे समजून न घेता जुन्या घराचं वाक्य नव्या घरात वापरणं, ही आपली चूक आहे. घर बदललं, वाक्य तेच राहिलं.

नव्या घराचा उन्हाळा दोन तऱ्हेचा असतो, आणि मांजराच्या दृष्टीनं या दोन तऱ्हा अगदी उलट्या आहेत. वर पत्रा असेल तर तो सकाळी नऊ-दहापासून तापतो, भर दुपारी आतल्या माणसाचं डोकं उठवतो, आणि दिवस मावळल्यावर तितक्याच लवकर निवतो. स्लॅबचं तसं नाही. स्लॅब दिवसभर ऊन पीत बसतो आणि संध्याकाळनंतर ते आत सोडायला लागतो. बाहेर वारं सुटलेलं असतं, अंगणात बाज टाकून माणसं बसलेली असतात, आणि आतली खोली रात्री दहा-अकरापर्यंत तापलेलीच राहते. पत्र्याच्या घरात मांजराला दुपारी जपायचं आणि स्लॅबच्या घरात संध्याकाळी. "दुपार टळली, आता काय होतंय" असं म्हणून स्लॅबच्या खोलीत मांजर कोंडून अंगणात झोपणारी माणसं हीच गोष्ट विसरतात. त्यातही २५० चौरस फुटांच्या घराचं गणित फार सोपं आहे. दोन खोल्या, एक न्हाणी, पुढं नंतर ओढलेली पत्र्याची पडवी. अंधारी खोली नाही, बळद नाही, सवणं नाही. धान्याची पोती आहेत, पण तीही त्याच तापलेल्या भिंतीला टेकून. अशा घरात मांजरानं कोणती सोय बघायची?

आणि मांजराचा स्वभाव इथं त्याच्याच मुळावर येतो. भ्यालं, कुणी पाहुणे आले, घरात कलकलाट झाला, की मांजर वर चढतं. माळ्यावर, कपाटावर, पत्र्याखालच्या लाकडी फळीवर. गरम हवाही वरच जाते. म्हणजे घरातली सर्वांत सुरक्षित वाटणारी जागा मे महिन्यात सर्वांत तापलेली असते. भाटी व्याली असेल तर आणखीच पंचाईत. तिनं पिल्लं माळ्यावर घातलेली असतात, कारण तिथं बोका पोचत नाही. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं, असं आपण कौतुकानं सांगतो. ती रीत नव्हे आणि नवसही नव्हे. जागा तापली, जागेला वास आला, कुणी डोकावलं, की आई पिल्लं उचलते. पण उचलून न्यायला दुसरं घर उघडं असावं लागतं. लोखंडी जाळी आणि कडी लावलेली दारं असतील तर ती सात घरं कुठून फिरवणार?

आता दुसरं उत्तर, वाळवंटाचं.

पाळीव मांजराचा पूर्वज पश्चिम आशियातलं रानमांजर, हे खरंच आहे. २००७ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात जगभरच्या मांजरांची जनुकं तपासून हे दाखवून दिलं गेलं. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या दफनात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. शेती आली, धान्य साठलं, उंदीर आले आणि उंदरांमागं मांजर आलं. आपल्या पेवा-बळदांच्या राखणीला मांजर असायचं, तेही याच जुन्या करारानं. मांजराचं मूत्रपिंड लघवी चांगली दाट करू शकतं, त्यामुळं ते थोड्या पाण्यावर तगतं. माणसाला जिथं उकडायला लागतं तिथं मांजराला बरं वाटतं, हेही शास्त्रानं मान्य केलेलं आहे. साधारण तीस ते अडतीस अंश सेल्सिअस या टप्प्यात मांजराच्या शरीराला स्वतःचं तापमान राखायला वेगळे कष्ट पडत नाहीत. थंडीत ते चुलीजवळ अंग भाजून घेतं आणि जानेवारीत पत्र्यावर ऊन खात पडतं, ते यामुळंच. वाळवंटवाल्यांचं निरीक्षण इतपत बरोबर आहे.

पण हा टप्पा अडतीसला संपतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस ओलांडतो, तोही सावलीतला. बंद खोलीतला, पत्र्याखालचा, त्याहून वेगळा. त्या अडतीसच्या पुढं मांजर काय करू शकतं? माणसासारखा सर्वांगाला घाम त्याला येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांत. कुत्र्यासारखी जीभ बाहेर काढून धापा टाकत फिरणं हा त्याचा रोजचा उपाय नाही. मांजर तसं करायला लागलं तर ते अडचणीत आहे, असंच समजावं. त्याच्याकडं एक साधन आहे: अंग चाटणं. लाळ केसांवर लागते, सुकते, सुकताना गारवा देते. म्हणजे त्याचा घाम त्याच्या तोंडात आहे, आणि तो तयार करायला पोटात पाणी हवं.

वाळवंटातलं रानमांजर दिवसा बिळात, कपारीत किंवा झुडपाच्या दाट सावलीत निजतं आणि रात्री शिकारीला निघतं. त्याला पाणी मिळतं ते बरंचसं शिकारीच्या मांसातून. म्हणजे ते उन्हातून वाचतं ते ऊन सोसून नव्हे, ऊन चुकवून. ही चुकवण्याची मुभा काढून घेतली, बिळाच्या जागी बारा बाय दहाची स्लॅबची खोली दिली, उंदराच्या जागी कोरडं खाणं ठेवलं आणि बाहेरून कडी घातली, तर त्या पूर्वजाचं नाव घेऊन काही उपयोग नाही. दाराला कडी घालणारा वाळवंटाचा दाखला देऊ शकत नाही.

आणि आता घराघरात जे मांजर दिसायला लागलंय, त्याच्यासाठी तर हा दाखला सपशेल खोटा आहे. लातूर, सोलापूरहून पर्शियन पिल्लं विकत आणायची हौस आता तालुक्याच्या गावापर्यंत आली आहे. चपटं नाक, दाट लांब केस. ज्या नाकातून श्वास घेऊन हवा गार करायची, तेच नाक माणसानं पैदास करकरून आखूड केलेलं. अशा मांजराला मराठवाड्याच्या उन्हात ठेवायचं तर जबाबदारी दुप्पट आहे, हे पिल्लू विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. लठ्ठ बोका, म्हातारं मांजर, दूध पिणारी पिल्लं, मूत्रपिंडाचा आजार असलेलं मांजर, हीही त्याच रांगेत येतात.

"पंखा चालू ठेवून जातो की!" हे तर हमखास ऐकू येतं. पंखा हवा थंड करत नाही, हलवतो. माणसाच्या ओल्या कातडीवरून हवा गेली की घाम सुकतो आणि बरं वाटतं. मांजराच्या कोरड्या केसांवरून चाळीस अंशांची हवा फिरवली तर त्याला गारवा कुठून मिळणार? हवा त्याच्या अंगाहून तापलेली असेल तर उलट त्रासच. पंखा उपयोगी पडतो तो मांजराचं अंग ओल्या फडक्यानं पुसल्यावर. आणि लाईट गेल्यावर काय, हा प्रश्न आमच्या भागात कुणाला समजावून सांगायला नको.

कूलरची गोष्ट वेगळी. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळं कूलर इथं खरंच काम करतो. पण तो काम करतो खिडकी किंवा दार थोडं उघडं असेल तर. सगळं बंद करून कूलर लावला की तासाभरात खोलीत दमटपणा साठतो, पाणी उडायचं थांबतं आणि गारवाही संपतो. माणसाला तेव्हा चिकचिक होते. मांजराच्या अंगावरची लाळही सुकत नाही, म्हणजे त्याचा एकमेव उपाय निकामी होतो. खिडकीला ओलं बारदान टांगतात, त्यालाही हाच नियम: वारा यायला वाट असेल तरच ते गार करतं.

वाळवंटवाल्यांच्या उलट दुसऱ्या टोकाला शहरी सल्लागार आहेत, आणि त्यांनाही मी सोडणार नाही. थंड देशांतल्या सूचना उचलून ते मराठीत देतात. दुपारी खिडक्या उघड्या ठेवा म्हणतात. लंडनला ठेवा! सास्तुरात दुपारी खिडकी उघडली की झळ आत येते. इथं खिडक्या उघडायच्या रात्री आणि पहाटे, आणि सूर्य वर आला की पडदे ओढून बंद करायच्या. एसी लावा म्हणतात, जणू तो सगळ्यांच्या घरी आहेच. केस बारीक करा म्हणतात. हा सल्ला तर घातक. मांजराचे केस त्याला थंडीत जपतात तसेच उन्हातही जपतात. ते भादरले की कातडीला थेट चटका बसतो. पांढऱ्या मांजराच्या कानांची टोकं उन्हानं भाजून तिथं पुढं कर्करोगही होऊ शकतो. केस भादरू नयेत, विंचरावेत. मेलेले केस आणि गुंते निघाले की हवा कातडीपर्यंत पोचते, तेवढंच पुरे. लांब केसांच्या मांजराला हे रोज लागतं. आळस येत असेल तर पर्शियन आणू नये.

तिसरं उत्तर मात्र हसण्यावारी नेता येत नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते या भागानं पाहिलेलं आहे. टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला मांजराच्या पाण्याबद्दल उपदेश करायची माझी छाती नाही. पण हिशेब तर मांडू. मांजराला किलोमागं दिवसाला साधारण पन्नास मिलिलिटर पाणी लागतं, तेही खाण्यातून मिळणारं धरून. गावातलं मांजर तीन-साडेतीन किलोचं. म्हणजे दिवसाला दोन कप चहाइतकं पाणी. घागर विसळताना याहून जास्त सांडतं. पाणीटंचाईमुळं कुठलंही मांजर तहानेनं मरत नाही. भांडं भरायचं लक्षात राहत नाही म्हणून मरतं.

त्यातही एक गैरसमज मोडून काढायला हवा. "आम्ही दूध देतो की!" दूध म्हणजे पाणी नव्हे. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, हगवण लागते, आणि ऐन उन्हाळ्यात अंगातलं होतं तेही पाणी जातं. मांजराला तहानेची जाणीवही कमी असते. उंदराच्या अंगात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि पाकिटातल्या कोरड्या खाण्यात जेमतेम दहा टक्के. म्हणून कोरडं खाणं देणाऱ्यानं उन्हाळ्यात ते भिजवून द्यावं, किंवा मासळी, चिकन शिजवलेलं बिनमिठाचं पाणी त्यात घालावं. पाणी स्टीलच्या वाटीत ठेवलं तर दुपारी ते तापतं आणि मांजर तोंड लावत नाही. त्यापेक्षा मातीचं परळ बरं. तोंड पसरट असावं, कारण मिशा काठाला घासलेल्या अनेक मांजरांना आवडत नाहीत. खाण्याच्या ताटलीपासून लांब, घरात दोन-तीन ठिकाणी. माठाखाली जो ओलावा धरतो तिथं मांजर स्वतःहून जाऊन बसतं. ती जागा मोकळी सोडली तरी अर्धं काम झालं. न्हाणीचं दार उघडं ठेवलं, खोलीत शहाबादी फरशी असेल तर तिच्यावरची सतरंजी गुंडाळून ठेवली, की उरलेलंही होतं. शहाबादी फरशीला आपल्या भागात हल्ली कुणी विचारत नाही, चकचकीत टाइल्स हव्यात. पण मांजराला विचारलं तर ते फरशीवरच पोट टेकून पडेल.

"माणसांचं आधी बघा" म्हणणाऱ्यांना आणखी एक सांगायचंय. मांजरासाठी घर गार करायचं आणि माणसासाठी गार करायचं, ही कामं दोन नाहीत. त्याच खोलीत बाळंतीण असते, अंथरुणाला खिळलेली आजी असते. ऊन लागलेल्या माणसासाठी गावात स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे, पण तिथं जायची वेळ येऊ नये, हे घराच्या छपरावरच ठरतं. स्लॅबवर पाडव्याच्या आसपास चुन्याचे दोन हात मारले की ऊन परावर्तित होऊन आत येणारी धग कमी होते. अहमदाबादनं २०१३ साली देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला आणि पुढं झोपडपट्ट्यांतली छपरं पांढरी करायचं काम हाती घेतलं, ते याच साध्या नियमावर. पत्र्यावर कडबा, पाचट किंवा तुराट्या अंथरायची रीत तर आपलीच. फक्त चुलीच्या धुराड्याजवळ आणि लोंबत्या वायरीखाली ती नको, ठिणगी पडायला वेळ लागत नाही. हे सगळं माणसासाठी करा, माझी काही तक्रार नाही. मांजराला त्यातला वाटा आपोआप मिळेल. अट एकच: त्याला त्या गार खोलीत जायची परवानगी हवी.

इतकं करूनही मांजराला ऊन लागतं कधी कधी. तेव्हा जे घडतं त्याबद्दल थोडं कडक बोलणं भाग आहे. मांजराच्या अंगाचं तापमान मुळातच माणसापेक्षा जास्त: अडतीस ते एकोणचाळीस अंश, म्हणजे एकशेएक फॅरेनहाइटच्या आसपास. धडधाकट मांजरसुद्धा हाताला कोमट लागतं. मरगळलेलं मांजर उचललं, अंग गरम लागलं, की घरातला कुणीतरी म्हणतो, ताप आलाय. मग तापाची गोळी कुटून दुधातून दिली जाते. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. ते पचवून बाहेर टाकायला लागणारी व्यवस्था मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. रक्त प्राणवायू वाहून न्यायचं थांबवतं, हिरड्या निळसर-तपकिरी पडतात. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. हीच गत फिनेलची. उन्हाळ्यात गार वाटावं म्हणून फरशी फिनेलच्या पाण्यानं पुसतात, मांजर त्यावर लोळतं, मग अंग आणि पंजे चाटतं. फिनेलही त्याच्या यकृताला झेपत नाही. फरशी साध्या पाण्यानं पुसली तरी तेवढीच गार होते.

तोंड उघडं ठेवून धापा, लाळ गळणं, लालभडक हिरड्या, उलटी, चालताना झोकांड्या, हाक मारल्यावर कान न हलणं, यातलं काहीही दिसलं तर गोळी नको आणि बर्फाची बादलीही नको. मांजर सावलीत, फरशीवर आणावं. माठाच्या गार नव्हे, नळाच्या साध्या पाण्यानं पोट, काखा, पंजे आणि कान ओले करावेत आणि मग पंखा लावावा. आता तो कामाचा आहे. शुद्धीत असेल तर पाणी पुढं ठेवावं, तोंडात ओतू नये, ते फुप्फुसात जातं. आणि तसंच ओलं उचलून दवाखान्यात न्यावं, कारण वरून बरं दिसणाऱ्या मांजराच्या मूत्रपिंडाला इजा झालेली असू शकते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते आणि मांजर घेऊन आलेल्या माणसाकडं लोक जरा गमतीनं बघतात. बघू द्यावं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा क्रमांक आहे, तो फिरवून सल्ला विचारायला पैसे पडत नाहीत. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

कायद्याचंही सांगतो, कारण काही लोकांना तेवढंच कळतं. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा अधिनियम, कलम ११. आपल्या प्राण्याला पुरेसं अन्न, पाणी किंवा निवारा न देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! साठ वर्षांत तो एका वडापावच्या पुढं फारसा सरकलेला नाही. त्यामुळं कायद्याच्या धाकानं कुणी सुधारेल अशी आशा मी ठेवलेली नाही.

खरा धोका कुठं आहे ते मात्र नक्की ठाऊक आहे. सुट्ट्या आणि लग्नसराई. पहाटे घर आवरून सगळे जीपमध्ये बसतात, हळद एका गावी, लग्न दुसऱ्या, परत यायला मध्यरात्र किंवा दुसरा दिवस. खिडक्या बंद, मेन स्विच बंद, दाराला कुलूप. मांजर आत राहिलं आहे हे एक तर कुणाला माहीत नसतं, किंवा माहीत असतं आणि कुणीतरी म्हणतं, "ते आपली सोय बघतं." हे वाक्य आता तरी टाकून द्या. कुलूप लावण्याआधी पलंगाखाली, माळ्यावर, कपाटाच्या मागं आणि पोत्यांच्या फटीत हात घालून बघा. मांजर गावातलं, मोकळं फिरणारं असेल तर त्याला बाहेर काढा आणि अंगणात सावलीला परळ भरून ठेवा. घरातच वाढलेलं असेल तर न्हाणीचं दार उघडं, पाणी तीन ठिकाणी, मागची जाळीची खिडकी उघडी, आणि किल्ली शेजारच्या काकूंकडं. दुपारी एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा डोकावून जायला त्यांना सांगून ठेवा. त्या नाही म्हणणार नाहीत.